ग्रोथ हॉर्मोनची खरी गरज कुणाला? जालन्याच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालना


मोतीबागेत फिरायला येणारी साठीपुढची मंडळी हल्ली ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनबद्दल विचारतात. वयाबरोबर हे हॉर्मोन कमी होते, हे खरे. पण इंजेक्शनने तारुण्य परतते ही आशा रुजली ती 1990 साली डॅनियल रुडमन यांनी अमेरिकेत केलेल्या छोट्या अभ्यासातून. साठीपुढच्या 12 पुरुषांना सहा महिने इंजेक्शने दिली; चरबी घटली, स्नायू वाढले. पुढच्या अभ्यासांत मात्र ताकद काही वाढली नाही. उलट अंगावर सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या, वाढलेली साखर हे मागे लागले. धडधाकट म्हाताऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. वजने उचलण्याचा व्यायाम आणि पोटभर डाळ, दूध, अंडी यांनी त्यांचे अधिक भले होईल.

मला काळजी आहे ती ज्यांची हे हॉर्मोन बनवणारी पीयूष ग्रंथीच निकामी झाली आहे त्यांची. बाळंतपणात फार रक्त गेले की या ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हाच शीहान सिंड्रोम. बाळाला दूध येत नाही, पाळी परतत नाही, काखेतले केस झडतात, सदा थंडी आणि थकवा. अशी बाई वर्षानुवर्षे रक्तवाढीच्या गोळ्या खात राहते. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्याचीही ही ग्रंथी कधी कधी अशीच निकामी होते. या माणसांत ग्रोथ हॉर्मोनबरोबर कॉर्टिसॉल आणि थायरॉईडही कमी पडते. साध्या तापात किंवा जुलाबात ती दगावू शकतात. आणि त्यांना जगवणाऱ्या गोळ्या स्वस्त आहेत! फक्त निदान हवे. कारण कॉर्टिसॉलची उणीव न भरता थायरॉईडची गोळी सुरू केली तर जीवावर बेतते.

आपले महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. इथे शिकणाऱ्या मुलांना पहिल्यापासून ही सवय लावा. थकव्याची तक्रार घेऊन मंठा, भोकरदन, घनसावंगीहून आलेल्या प्रत्येक बाईला विचारा : बाळंतपणात अंगावरून फार गेले होते का? बाळाला दूध आले होते का? पुरुष असो वा बाई, साप चावला होता का, हेही विचारा. उत्तर केसपेपरवर लिहा, आणि संशय आल्यास हॉर्मोनच्या तपासण्या इथेच, मोफत होतील अशी सोय करा. मजुरी बुडवून छत्रपती संभाजीनगरची खेप करणे या माणसांना परवडत नाही.

आपला,
एक जालनेकर