मोटारींच्या गावचा ठेका

गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लादलेला ट्रक दारावरून गेला की फळीवरची भांडी नाचू लागतात, म्हातारी माणसे कानांत कापूस घालतात आणि सारे घर एकमुखाने म्हणते, "आला मेला डीजे!" हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीच होऊन बसला आहे. तेव्हा ऐन दिवाळीत त्याच जातीच्या संगीतावर चार शब्द लिहिणार म्हटल्यावर काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती, की चकलीचा तुकडा तोंडात आहे तोवर तरी थांबावे.

कारण असे, की या यंत्रसंगीताची एक मोठी शाखा ज्या गावात जन्मली, त्या गावाभोवती आपलीच मुलेबाळे राहतात. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, मिशिगन राज्यात, डेट्रॉइट नावाचे शहर आहे. मोटारींच्या धंद्यापायी आपले इंजिनियर तिकडे गेले, स्थिरावले. तिथे महाराष्ट्र मंडळही आहे. त्यांचे आईवडील नातवंडे सांभाळायला जातात, नायगारा पाहतात, शिकागो पाहतात. मी लेकीकडे होतो तेव्हा मात्र खुद्द डेट्रॉइटचा विषय काढला की ओळखीचा प्रत्येक जण एकच प्रश्न करी, "शहरात? तिकडे काय आहे?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा वाटाड्या.

आधी गावाची थोडी ओळख. डेट्रॉइटच्या पोटातच हायलंड पार्क नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९१३ साली फोर्डने सरकत्या पट्ट्यावर मोटार जोडायला सुरुवात केली आणि साऱ्या जगाचा कारखाना बदलून टाकला. १९५० साली शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने बाहेर गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, १९६७ साली मोठी दंगल झाली. माणसाच्या जागी यंत्रमानव वेल्डिंग करू लागले. २०१३ साली नगरपालिकेने चक्क दिवाळे काढले. २०२० च्या शिरगणतीत वस्ती उरली ती ६ लाख ४० हजारांच्या आतच.

असे गाव संगीत कुठून काढणार, असे आपल्याला वाटते. पण कामगारांच्या पोरांना यंत्राची भीती नव्हती. ते त्यांच्या घरचेच होते.

शहरापासून तीसएक मैलांवर, विमानतळाच्याही पुढे, बेलव्हिल नावाचे शांत गाव आहे. तिथल्या शाळेत वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुले एकत्र आली. वान आजीकडे राहत असे आणि नातवाला पहिला सिंथेसायझर घेऊन दिला तो या आजीनेच. (आजी सगळीकडे सारख्याच!) रात्री ही मुले नभोवाणीला कान लावून बसत. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या टोपणनावाचा निवेदक कधी चेहरा दाखवत नसे, पण एकाच रात्री प्रिन्सही वाजवी आणि जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क मंडळींचे यंत्रसंगीतही.

जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे तालयंत्र काढले. खऱ्या ढोलासारखे ते वाजत नाही म्हणून ते फारसे खपले नाही आणि १९८३ साली बंद झाले. मग जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागली आणि गरिबाघरच्या कलावंतांचे फावले. या यंत्रावर ओळीने सोळा कळा असतात. जी कळ दाबाल त्या जागी ठोका पडतो. सोळा झाले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला हा हिशेब नवा नाही. त्रितालाच्याही सोळाच मात्रा, आणि त्याही चार-चारच्या चार भागांत. फरक एवढाच, की हे यंत्र थकत नाही आणि पानही खात नाही. ऐकणाऱ्याला गोडी लागते ती त्याच त्या आवर्तनात हळूच काय आले आणि काय गेले, हे टिपण्याची.

१९८१ साली वानने रिक डेव्हिस या साथीदाराबरोबर 'सायबोट्रॉन' या नावाने पहिली तबकडी काढली. १९८५ साली त्याने स्वतःची 'मेट्रोप्लेक्स' ही कंपनी थाटली. बाकीच्या दोघांनीही आपापल्या कंपन्या काढल्या. १९८८ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीने त्यांच्या व त्यांच्या मित्रांच्या रचना एकत्र छापल्या. शिकागोच्या 'हाउस' संगीताहून हा माल निराळा आहे, हे कळावे म्हणून तबकडीच्या नावातच 'टेक्नो' हा शब्द घातला. तेच नाव जगभर झाले.

आता चालायला लागू या. शनिवारी सकाळी ईस्टर्न मार्केटला जावे. हा शहरातला जुना भाजीबाजार; फुले, भाज्या, मध, सारे काही मिळते. बाजाराला लागूनच ग्रॅशट नावाचा हमरस्ता आहे. या तिघांच्या कंपन्या एके काळी त्याच परिसरात शेजारीशेजारी होत्या. तिथून जवळच ब्रॉडवे रस्त्यावर १९८८-८९ मध्ये 'म्युझिक इन्स्टिट्यूट' नावाची नृत्यशाळा चाले. तिथे दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. पोरे पहाटेपर्यंत नाचत ती केवळ संगीताच्या नशेत. आता ती शाळा नाही, पण एवढे माहीत असले की नुसत्या भिंतीही बोलक्या वाटतात.

मग ग्रँड बुलेव्हार्डवर यावे. हा रस्ता म्हणजे डेट्रॉइटचा संगीतेतिहासच. पश्चिमेच्या भागात २६४८ क्रमांकाचे साधे घर आहे. १९५९ साली बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलर उचलून 'मोटाउन'चा व्याप सुरू केला, तो पुढे या घरात वाढला. त्याआधी तो स्वतः मोटारींच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करीत असे. मोटाउनने जगाला नाचवले आणि १९७२ साली बिऱ्हाड लॉस एंजल्सला हलवले. त्याच रस्त्याने पूर्वेला गेले की ३००० क्रमांकाची 'सबमर्ज'ची इमारत लागते. 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या मंडळींचे हे ठाणे. चेहरा झाकायचा, मोठ्या कंपन्यांना विकले जायचे नाही आणि गाव सोडायचे नाही, हा माइक बँक्सप्रभृतींचा बाणा. आत टेक्नोचे छोटेसे संग्रहालय आहे. तिथे आधी वेळ ठरवूनच जावे.

यातल्या पुष्कळ तबकड्या छापल्या गेल्या त्या याच शहरात, १९६५ पासून चाललेल्या 'आर्चर' नावाच्या घरगुती कारखान्यात. आणि हा सारा पुरुषांचाच खेळ होता असे मुळीच समजू नये. केली हँड या बाईंनी १९९० साली स्वतःची कंपनी काढली, देशोदेशी तबकड्या वाजवल्या. २०१७ साली शहराच्या परिषदेने त्यांचा गौरव केला. २०२१ साली त्या वारल्या.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुटी असते. तिला जोडून तीन दिवस नदीकाठच्या हार्ट प्लाझामध्ये मोठा उत्सव भरतो. समोर नदीपलीकडे कॅनडा, आणि गंमत म्हणजे तो दक्षिणेला! २००० साली हा उत्सव सुरू झाला तेव्हा सर्वांना मोफत होता. २००५ पासून तिकीट आले. दुपारी जावे, कापसाचे बोळे खिशात ठेवावेत, आणि कर्ण्यांपासून लांब, पाण्याच्या बाजूला उभे राहावे. तिथे मला नातवंडांना खांद्यावर घेतलेले पांढऱ्या केसांचे आजोबा दिसले. ही मंडळी ऐंशीच्या दशकात नाचत होती, आजही नाचतात.

तिकिटाच्या निमित्ताने एक खंत सांगतो. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या तरुणांनी हे संगीत उचलले. १९९१ साली 'ट्रेझर' नावाचा क्लब एका तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत निघाला आणि त्याची पहिली तबकडी डेट्रॉइटच्याच मंडळींची होती. जर्मन माणसाने या कलावंतांना पोटाला दिले, मान दिला. त्यात वावगे काही नाही. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोची राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंदही केली. पण ज्या वस्तीत हे जन्मले, तिथे त्याची राखण आजही मूठभर माणसे पदरमोड करून करतात, आणि अर्ध्या तासावर राहणारे आपण विचारतो, तिकडे काय आहे?

आणि आपण तरी काय वेगळे केले? मुंबईच्या चरणजित सिंग यांनी, सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या या गुणी वादकाने, १९८२ साली त्याच रोलंड यंत्रांवर भैरव, यमन, मालकंस धरून दहा रागांची तबकडी काढली. आपण ढुंकून पाहिले नाही. २०१० साली परदेशात ती पुन्हा छापली गेली, तेव्हा आपण कान टवकारले. उतारवयात त्यांना परदेशची आमंत्रणे आली. २०१५ साली ते गेले.

तेव्हा या दिवाळीत मुलांशी फोनवर बोलणे होईल, त्या वेळी फराळाचे पार्सल पोचले का एवढेच विचारू नका. मे महिन्यात येऊ तेव्हा एक शनिवार शहरासाठी राखून ठेव, म्हणून बजावून सांगा. सकाळी भाजीबाजार, दुपारी ग्रँड बुलेव्हार्ड. संग्रहालयाची वेळ त्यालाच ठरवायला लावा. बारा वर्षे तिथे राहून त्यानेही ते पाहिलेले नसेल.