जहाजाचा नियम जलाशयाला नको


परदेशी क्रूझवर स्वतःची वाइन नेता येते, मग वैनगंगा नदीवरील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयातील बोटीवर का नाही, हा आपल्या वाचकाचा सवाल पटला नाही. तिथेही मोकळे रान नाही. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजावर २१ वर्षांवरील प्रवाशाला चढतानाच ७५० मिलीची एकच बाटली नेता येते; बिअर, व्हिस्की नाहीच. शिवाय जहाजावर डॉक्टर असतो, जीवरक्षक नावा असतात. इथे कोणी वैनगंगेत पडला, तर आधी धावतात ते आमचे ढिवर मच्छीमार बांधव. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणासाठी कित्येकांची घरे-शेते बुडाली. त्या पाण्यावर पर्यटन जरूर यावे, आमच्या पोरांना रोजगार मिळावा. पण प्रशासनाने बाटल्या धक्क्यावरच अडवाव्यात, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, पवनी (जि. भंडारा)