विरंगुळ्याचा हप्ता

बँकेतल्या माणसाने विश्रांतीविरुद्ध लेखणी उचलावी, हे ऐकून आमचे खातेदार पोट धरून हसतील. हसू देत. गेले चौदा आठवडे मी जी विश्रांती घेतो आहे, तिने मी इतका दमलो आहे की आता तक्रार नोंदवणं भाग आहे.

सुरुवात रक्तदाबापासून झाली. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि विचारलं, "काही छंद वगैरे?" मी म्हटलं, "पेपर वाचतो." "मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी वरचा आकडा लिहिला. शेजारी बसलेल्या हिने तिथल्या तिथे निकाल दिला : "आमच्या सोसायटीत झेंटँगल चालतं. ह्यांना घालते त्यात." मला बालवाडीत घालायचं असतं, तरी तिने वाक्यात फारसा बदल केला नसता.

झेंटँगल म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी अजून पोचलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस ह्या दोघांनी ही पद्धत बसवली. मारियाबाई सुलेखन करणाऱ्या, आणि रिकसाहेब एकेकाळी संन्यासी म्हणून राहिलेले. एकदा बाई एका मोठ्या अक्षराच्या मागे बारीक नक्षी भरत बसल्या होत्या. त्यात आपलं कसं भान हरपतं, हे त्यांनी सांगितलं. ह्यांनी ओळखलं की हे तर ध्यानच! मग त्याची रीत ठरली. साडेतीन इंची चौकोनी जाड कागद घ्यायचा. चार कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडून चौकट, आत पेन्सिलीने एक सैलसर वळणावळणाची रेघ. तिने जे खण पडतील, त्यांत काळ्या पेनाने एकेक नक्षी भरत जायची. मागाहून पेन्सिलीची सावली. खोडरबर मात्र वर्ज्य. कारण ह्या शास्त्रात चूक नावाची गोष्टच नाही. रेघ चुकली तर तिलाच धरून पुढे जायचं.

हे ऐकलं आणि मी विरघळलो. अहो, बावीस वर्षं मी अशा ठिकाणी काम करतो आहे, जिथे एक आकडा खोडला तर शेजारी पूर्ण सही करावी लागते. दिवसाअखेर दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घर दिसत नाही. अशा माणसाला कुणीतरी सांगतंय की, बाबा रे, रेघ मार, ती चुकणारच नाही! पहिल्या रविवारी मी दोन तास बसलो. चहा थंड झाला तो कळलं नाही. हिने दोनदा हाक मारली तीही ऐकू आली नाही. (ती एरवीही येत नाही, असं तिचं म्हणणं आहे.)

इथवर सगळं ठीक होतं. पण सोमवारी जिन्याखालच्या बोर्डावर, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी, एक नवा कागद लागला : 'साप्ताहिक आव्हान क्र. १'. खाली नक्षीचं नाव, आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत आपापला कागद बोर्डावर टाचावा, ही सूचना.

माझं भांडण आहे ते ह्या 'आव्हान' शब्दाशी. आव्हान मल्लाला देतात, नाहीतर खालच्या कोर्टाच्या निकालाला वरच्या कोर्टात देतात. दमलेल्या माणसाला कुणी 'झोपून दाखव बरं!' असं आव्हान देतं का? आणि दिलंच, तर त्याला झोप येईल का?

मला तर आली नाही. सोमवार-मंगळवार मी बोर्डाकडे न बघता जिना चढायचो. गुरुवारपासून मनाला टोचणी. शनिवारी रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर मी डोळे फोडून चंद्रकोरींच्या रांगा भरतोय, आणि ही आतून विचारतेय, "झाली का तुमची विश्रांती? लाइट बंद करा." पाचव्या आठवड्यात शाखेत विमा विकायचं टार्गेट आलं आणि माझ्या दोन नक्ष्या थकल्या. सहाव्या आठवड्यात तिसरी थकली. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं. विरंगुळ्याच्या बाबतीत एवढी सवलत नाही. दुसऱ्याच आठवड्यात लिफ्टमध्ये चौकशी होते : "दिसला नाहीत बोर्डावर?"

आणि दिसलो तरी काय? कागद शेजारी शेजारी टाचले की डोळे तुलना करणारच. ज्या शास्त्रात चूक नव्हती, त्यात बोर्डाने ती आणून बसवली. क्लासवाल्या बाई मनाने चांगल्या, कुणाला वाईट म्हणत नाहीत. पण ए विंगमधल्या सूनबाईंना 'अप्रतिम!' आणि मला 'प्रयत्न छान', ह्यातला फरक कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही.

आता थोडं शास्त्राधाराने बोलतो. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जॅकी आंद्रादे ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस माणसांना एक कंटाळवाणं टेलिफोन संभाषण ऐकवलं. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला दिले. भरणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं! चाळीस माणसं म्हणजे काही फार नव्हेत, हे मी हिशेबाचा माणूस म्हणून कबूल करतो. पण मला आवडली ती बाईंची सूचना. आकार नीटनेटके भरले काय, भराभर भरले काय, त्याला महत्त्व नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. बोर्ड लावला नव्हता.

आणि इतक्या लांब तरी कशाला? आमची आई दारात रोज सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढायची. शेजारणी नावं ठेवत नसत असं मुळीच नाही. पण दूधवाला, पेपरवाला आणि आम्ही चौघं भावंडं तिच्यावरून जाऊन संध्याकाळपर्यंत पुरावाच शिल्लक ठेवत नसू. दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा कोरं, मागची बाकी शून्य.

हे सगळं मी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना तावातावाने ऐकवलं. सत्तरी उलटलेल्या आजी, मुलगा-सून परदेशी. त्यांची एकही नक्षी चुकलेली नाही. हात कापतो, त्यामुळे त्यांच्या सरळ रेघासुद्धा लाटांसारख्या येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं खरं आहे हो. पण सोमवारी कुणीतरी मला काहीतरी कर म्हणून सांगतं. एरवी मला कोण काय सांगतं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणून मागणी थोडी खाली आणली : सोमवार राहू दे, नक्षीही राहू दे, फक्त 'आव्हान' हा शब्द, रविवारची मुदत आणि बोर्ड एवढं काढा. ज्याला दाखवायचंय त्याने कुणाच्याही घरी चहाला जाऊन दाखवावं. हा ठराव मी रीतसर सोसायटीच्या सभेत मांडला.

माझ्या विषयाआधी पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती. सेक्रेटरी पाऊण तास बोलले. ठराव वाचायच्या वेळी लक्षात आलं, की विषयपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझा हात आपला चालूच होता. वेल होती, जाळी होती, मध्येच एक टाकीसारखं काहीतरी. टाकीच्या खर्चाचा आकडा मला आजही रुपया-पैशासह तोंडपाठ आहे. ठराव अकरा विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. दुसरं मत आजींचं.

विषयपत्रिका मी खुर्चीवरच विसरून आलो. सोमवारी सकाळी बोर्डावर ती टाचलेली, आणि खाली क्लासवाल्या बाईंच्या सुंदर अक्षरात : 'साप्ताहिक आव्हान क्र. १५. ही नक्षी काढा.'

संध्याकाळी आजींनी मला जिन्यात गाठलं. हातात चष्मा आणि कागद. "अहो, ही नक्की कुठून सुरू करायची?" मी खूप वेळ बघितलं. मलाच सांगता येईना.