पाठभेदाची साक्ष

शाळेत उत्क्रांती शिकवावी की नाही, असा विषय निघाला की मराठी विभागातील मंडळी चहाचा कप उचलून पलीकडच्या टेबलाकडे सरकतात. ‘तो विज्ञानवाल्यांचा प्रश्न.’ जे थांबतात, ते अधिक घातक बोलतात: ‘विज्ञान हेही शेवटी एक कथनच. मग दोन्ही कथने शिकवायला काय हरकत आहे?’ हे वाक्य प्रस्तुत लेखकाने स्वतः चर्चासत्रांतून टाळ्यांसाठी वापरलेले आहे. म्हणून या लेखातला पहिला आरोपी तोच आहे.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शालेय मंडळाने 2004 साली असा ठराव केला की, नववीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवावे. डार्विनचा सिद्धान्त म्हणजे ‘वस्तुस्थिती नव्हे’, त्यात त्रुटी आहेत, आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सृष्टीच्या रचनेमागे बुद्धिमान रचनाकार आहे असे मत) समजून घ्यायचे तर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक पाहावे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. अकरा पालक न्यायालयात गेले. 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानी निकाल दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नसून सृष्टिनिर्मितीवादाचेच नवे नाव आहे, आणि सरकारी शाळेत ते शिकवणे घटनाबाह्य आहे, असा तो निर्णय होता.

हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की या खटल्यातला एक निर्णायक पुरावा जीवाश्मांचा नव्हता, पाठभेदांचा होता. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या पुस्तकाचे जुने मसुदे शेजारी शेजारी मांडले. 1987 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिनिर्मितीवाद उत्क्रांतीच्या जोडीने शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला. त्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत ‘क्रिएशन’ आणि त्यापासून बनलेले शब्द होते. नंतरच्या मसुद्यांत सुमारे दीडशे ठिकाणी त्यांच्या जागी इंटेलिजंट डिझाइन आले. व्याख्या तीच राहिली, फक्त नाव बदलले. एका मसुद्यात तर ‘क्रिएशनिस्ट्स’ खोडून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घालताना जुन्या शब्दाचे पहिले अक्षर आणि शेपूट तसेच राहून गेले, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असा एक अर्धवट प्राणी जन्माला आला. उत्क्रांतीचा मधला दुवा मागणाऱ्यांच्याच पुस्तकात मधला दुवा सापडला!

ही विद्या आपली आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, भांडारकर संस्थेने महाभारताच्या हस्तलिखितांचे थर उलगडले, हे आपण एम.ए.च्या वर्गात अभिमानाने सांगतो. त्याच विद्येने डोव्हरमध्ये एका लबाडीचा मुखवटा उतरवला.

पण त्याच न्यायालयात आपल्या बाजूच्या दालनातून आणखी एक गृहस्थ आले होते. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह फुलर यांनी शालेय मंडळाच्या बाजूने साक्ष दिली. विज्ञानातील प्रस्थापित व्यवस्था नव्या विचाराला दाराबाहेर ठेवते, सबब त्याला वाव मिळावा, अशा आशयाची त्यांची मांडणी होती. ‘विज्ञान हेही एक कथनच’ या टाळीच्या वाक्याची न्यायालयातली सुधारून वाढवलेली आवृत्ती, असेच तिला म्हणावे लागेल. प्रश्न एवढाच, की आपण यांपैकी कोणत्या साक्षीदाराचे सहाध्यायी?

‘आपल्याकडे हा वाद नाही’ अशी समजूत असेल तर तीही सोडावी. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिले वा सांगितले नाही, हे कारण! देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याचा निषेध केला. 2023 साली ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. कारण दिले गेले अभ्यासाचा भार कमी करण्याचे. बारावीत तो विषय आहे, हे खरे. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांचे काय? ती मुले कला शाखेत, म्हणजे आपल्याच वर्गात येतात. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. साहित्य परिषदांच्या व्यासपीठांवरून मात्र त्या तोडीचा आवाज ऐकू आला नाही.

‘ती नुसती थिअरी आहे हो’ हे वाक्य आपण सहज खपवून घेतो. आपल्या बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे प्रात्यक्षिकाविना पोपटपंची. सिद्धान्त म्हणजे मात्र जो अन्ती सिद्ध झाला तो. या दोन शब्दांतले अंतर विद्यार्थ्याला कोण दाखवणार? जीवशास्त्राचा शिक्षक की भाषेचा?

दशावतारांत डार्विन शोधणाऱ्यांनाही हेच विचारावे लागते. मत्स्य, कूर्म, वराह ही प्रतिमासृष्टी आहे. तिला प्रयोगशाळेचा दाखला मागणे म्हणजे तिचे काव्यपण नाकारणे. नासदीय सूक्ताचा कर्ता तर सृष्टीच्या उगमाविषयी शेवटी शंकाच ठेवतो. त्या शंकेवर खात्रीचा शिक्का मारणारा माणूस श्रद्धाळू असेल, पण तो वाईट वाचक आहे.

आणि वाईट वाचनाचा प्रतिवाद हे आपले पगारी काम आहे. दोन्ही बाजू जरूर शिकवाव्यात: उत्क्रांती विज्ञानाच्या तासाला, सृष्टिकथा साहित्याच्या तासाला, आणि दोहोंतला फरक आपल्या तासाला.