तो गार आठवडा आणि आमचा पत्रा



उन्हाळा लागला की आपल्याकडे त्याच त्याच आठवणी निघतात. गावाकडचा आंबा, गच्चीवरच्या खाटा, माठाचं पाणी. सगळ्या गोड. मला मात्र मे 2025 चा पहिला आठवडा आठवतो, आणि तो अजून पुरता गोड लागत नाही, पुरता कडू पण नाही. म्हणून आज जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आम्ही डिंडोलीला राहतो. मूळचे चोपडा तालुक्यातले. वडील 1978 ला ताप्ती लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरले ते इथलेच झाले. खाली एक खोली, वर एक खोली, वरच्या खोलीला पत्रा. लिंबायत, नवागाम, उधना इकडे राहणाऱ्यांना हे घर समजावून सांगायला नको. आपल्यातल्या अर्ध्यांचं घर असंच आहे.

तर त्या वर्षी 4 मे, रविवार संध्याकाळपासून आभाळ भरून आलं. सोमवारी वादळी वारा, विजा, पाऊस. मे महिन्यात सुरतेला पाऊस म्हणजे नवलच, इथला पाऊस जून ते सप्टेंबरचा. पण उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ आला आणि अरबी समुद्रावरची ओलसर हवा त्याला मिळाली, की असं होतं. बघता बघता मोबाइलवर मेसेज सुरू झाले. सुरत झालं महाबळेश्वर. आज भजी, उद्या दुमस. मी पण एक फॉरवर्ड केला, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरात मात्र सोमवारी सकाळी वेगळीच धांदल. बायकोनं कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवलेला. चीक तयार. आता चीक काही कोणासाठी थांबत नाही, त्याच दिवशी शिजवायचा आणि घालायच्या. आणि उन्हाचा पत्ता नाही! शेवटी खोलीत खाटेवर साडी अंथरली, पंखा फुल केला, त्यावर कुरडया घातल्या. गच्चीवर आदल्या दिवशीचे ज्वारीचे बिबडे होते, ते भिजून लगदा झाले. गल्लीत पाच-सहा घरांची हीच गत. कोणी म्हणेल, बिबड्यांचं काय एवढं. पण आमच्या गल्लीत दोन बायका वाळवण करून विकतात, वर्षाचा शाळेचा खर्च त्यातून काढतात. त्यांचं महाबळेश्वर नाही झालं.

आता दुसरी बाजू. ती पण खरी आहे, आणि तीच लिहायची म्हणून बसलो.

माझी आई 74 वर्षांची. मे महिन्यात तिची झोप म्हणजे रात्री दोनपर्यंत ओट्यावर बसणं, पदरानं वारा घेणं, मग पहाटे कुठं डोळा लागणं. त्या आठवड्यात ती दहा वाजता झोपायची ती सकाळी सहाला उठायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाळा, मला वाटायचं म्हातारपणामुळे झोप येत नाही." मी काहीच बोललो नाही. इतकी वर्षं मी पण तेच समजत होतो.

माझा पुतण्या पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये स्टेंटर मशीनवर आहे. बारा तासांची पाळी. ज्यांनी स्टेंटर बघितलंय त्यांना माहीत आहे, कापड गरम हवेतून सुकत जातं आणि बाजूला उभा माणूस पण सुकतो. तो त्या आठवड्यात म्हणाला, "काका, या पाळीला एक पण माणूस चक्कर येऊन बसला नाही." म्हणजे बाकीच्या दिवसांत बसतात. रोज बसतात. त्याची बातमी होत नाही, कारण लिंबूपाणी पाजून माणूस परत उभा राहतो.

बुधवारी 7 तारखेला देशभर मॉक ड्रिल होतं, रात्री सुरतेत पण ब्लॅकआउट झाला. लाइट बंद, पंखे बंद. एरवी मे महिन्यात अर्धा तास लाइट गेली तर गल्लीत भांडणं होतात. त्या रात्री सगळे ओट्यावर बसलेले, काळजी होती, पण गार वारा होता. लहान पोरं अंधारात आईच्या मांडीवर झोपून गेली. आपली माणसं अशी पण असतात, असं वाटलं. चिडकी नसतात, झोपेची भुकेली असतात.

मी त्याच खुशीत दुसऱ्या दिवशी चोपड्याला चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, "दादा, काय मस्त गारवा आहे इकडे!" तिकडून जरा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, "भाऊ, तठे गारवा व्हयी. आठे समदं आडवं पडी गय."

त्याची केळी. घड कापणीला आलेले, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न होता. वाऱ्यानं खोडं कमरेतून मोडली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी त्याला हवामान विचारलं नव्हतं, माझं सांगितलं होतं.

त्या दिवसांत गुजरातमध्ये वादळ, वीज, झाडं पडणं यात दहापेक्षा जास्त माणसं गेली. इथंच ओलपाड, चोर्यासीकडे काकरापार कालव्याच्या पाण्यावरचा उन्हाळी भात कापणीला उभा होता. वलसाड, नवसारीकडे हाफूस, केसर झाडावरून खाली आला. बाजारात पडलेल्या कैऱ्या स्वस्त मिळाल्या, आम्ही लोणचं घातलं. चव चांगली होती. पण ती स्वस्ताई कोणाच्या तरी नुकसानीची होती, हे लोणचं घालताना कोणी बोललं नाही.

आपल्या भाषेत बघा, एकाच ढगाला दोन नावं आहेत. शहरात गारवा, शेतात अवकाळी. आपण खान्देशातून आलेले लोक, आपल्याला दोन्ही नावं येतात. मग आपण तरी एकच का वापरतो?

काही जण म्हणतील, दोष ना आपला ना त्यांचा, निसर्ग आहे. अर्धं बरोबर. पाऊस कोणाच्या हातात नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. आईची झोप ढगांच्या भरवशावर का असावी? जे काम छतानं करायचं, त्यासाठी आपण आभाळाचे आभार मानत बसलो. आणि ते आभाळ त्याच वेळी भावाची बाग मोडत होतं.

सुरतेचा आकडा बघून फसू नका. मे महिन्यात इथं पारा बहुतेक दिवस 36-37 च्या आसपास असतो. जळगावला 44-45 होतं. म्हणून गावाकडचे हसतात, तुम्हाला कसला उन्हाळा! पण समुद्र जवळ, हवेत दमटपणा, घाम वाळत नाही. घाम वाळला तर अंग गार होणार ना? आणि रात्री पारा 26-27 च्या खाली जायला तयार नसतो. त्यात पत्रा दिवसभर तापलेला. माणसाचं अंग रात्रीच सावरतं, आणि आमच्या घरात रात्रच गरम.

अहमदाबादला मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला होता. नंतर अभ्यासकांनी हिशोब केला तर त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झालेले निघाले. त्यातून 2013 मध्ये तिथं उष्णतेचा आराखडा बनला, पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायचं काम झालं. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, एवढीच त्यातली युक्ती. आपल्या आज्या चुना मारायच्याच की! मोठं शास्त्र नाही, पण कोणीतरी करायला पाहिजे.

त्या जूनमध्ये मी पत्र्यावर पांढरा रंग मारायचं ठरवलं, पण आळस केला. तोवर 23 जून उजाडला, सुरतेत धो धो पाऊस, मीठी खाडीच्या काठच्या वस्त्यांत पाणी. मे मध्ये पावसाचे फोटो टाकणारे आम्हीच तेव्हा गुडघाभर पाण्यातून सामान वर चढवत होतो. रंग शेवटी दिवाळीनंतर मारला. आईला फरक पडतो, ती सांगते. ढगांच्या आठवड्याएवढा नाही, पण पडतो. एका दिवसाची मजुरी आणि दोन डबे रंग.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. आपली मंडळं आहेत, गणपतीला आणि लग्नाला आपण वर्गणी काढतो, हजारो जेवतात. त्यातून दर उन्हाळ्याआधी गल्लीतली दहा छपरं तरी पांढरी करू. आधी म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि रात्रपाळीवाले, कारण ते दिवसा त्या पत्र्याखाली झोपतात. मिलमध्ये पाणी आणि दोन घटका सावलीत बसायची सुट्टी, ही मागणी मे महिन्यात करायची नाही, फेब्रुवारीत करायची. नगरसेवक आपलेच निवडून येतात, त्यांना मतं मागायला आल्यावर पत्र्याखाली दुपारी दोनला बसवा, चहा पाजा, मग बोला.

आणि दुसरं. अवकाळी आला की आधी गावाला फोन करा. आपला गारवा नंतर सांगा.

मी त्या आठवड्यानंतर शनिवारी उधन्याहून गाडी पकडून अमळनेर, तिथून एसटीनं गेलो. दादा पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसला होता. मी काय करू शकणार होतो? दोन दिवस त्याच्याबरोबर मोडलेली खोडं ओढली, एवढंच. निघताना त्यानं एक अर्धकच्चा घड पोत्यात बांधून दिला. म्हणाला, "आईला दे, पिकव घरात." पिकली ती केळी, पण नीट नाही, एका बाजूनं कडकच राहिली. आईनं तरी एकेक करून सगळी खाल्ली.

तुमच्याकडे त्या आठवड्यात काय झालं होतं? इकडचं पण लिहा, गावाकडचं पण लिहा. आणि ज्यांच्या घराला पत्रा आहे त्यांनी पत्ता मला खाजगीत कळवा. रंगाचे डबे मी बघतो, ब्रश धरायला दोन पोरं पाठवा.