आपले लक्ष कोणाच्या ताब्यात?

१४ एप्रिल जवळ आला की महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांत 'सलग १८ तास अभ्यास' हा उपक्रम होतो. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु उरलेल्या दिवसांचे काय? त्या १८ तासांतही किती हात पुन्हा पुन्हा खिशातल्या मोबाईलकडे जातात, हे आयोजकांना विचारून पाहा!

मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. २००६ साली खैरलांजी हत्याकांड घडले तेव्हा त्याची नीट दखल घ्यायला प्रस्थापित वृत्तपत्रांना कित्येक दिवस लागले. आज अत्याचाराची बातमी तासाभरात राज्यभर पोहोचते. शिष्यवृत्तीचा अर्जही मोबाईलवरूनच भरला जातो. पण या साधनाचा मालक कोण? त्याचा पैसा जाहिरातींतून येतो. आपण जितका वेळ पडद्याकडे पाहू, तितका त्याचा गल्ला भरतो. म्हणूनच एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. आपला संतापही त्याच गल्ल्यात जमा होतो. बाबासाहेबांविषयी कोणी विकृत मजकूर टाकला की आमचा तरुण रात्रभर उत्तरे देत बसतो. सकाळी तो विकृत माणूस प्रसिद्ध झालेला असतो आणि तरुणाचा अभ्यास तसाच पडलेला असतो.

बाबासाहेब विद्यार्थिदशेत परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. सुभेदार रामजी त्यांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत, कारण तेव्हाच चाळ शांत असे. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसदिवस बसले. त्या बैठकीतून रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांच्यासमोर ब्रिटिश तज्ज्ञ होते. अशी तयारी 'फॉरवर्ड' करून होत नाही.

वस्तीतल्या खोलीत आज रात्री दोन वाजताही कोणाचा तरी मोबाईल चालू असतो. म्हणून अभ्यासिका हवी, आणि तिच्या दारात मोबाईल ठेवण्याची फळी हवी. रोज सायंकाळी सात ते दहा मोबाईल त्या फळीवर. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी पहिला मोबाईल ठेवावा. सर्वांत जास्त त्यांचाच वाजतो! कार्यकर्त्यांच्या बैठकीलाही हाच नियम लावावा. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड अनेक घरांतल्या कपाटांत न उघडताच पडून आहेत. एक प्रकरण चौघांनी वाचावे, त्यावर तासभर भांडावे.

मुलींच्या वेळेचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागेल. स्वयंपाक, धुणी-भांडी आटोपून त्या मोकळ्या होतात, तेव्हा अभ्यासिकेला कुलूप लागलेले असते आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी असते. त्या किल्लीची एक प्रत मुलींकडे असावी, एवढा ठराव समितीच्या पुढच्याच बैठकीत मांडता येईल.