साडेसहा डॉलरची मजुरी

स्पर्धा वाढली की वस्तूची किंमत उत्पादनखर्चाच्या जवळ येते, असे खुल्या बाजाराचे भाट गेली तीन दशके भारतीयांना ऐकवीत आले आहेत. अ‍ॅपल कंपनीने हा सिद्धान्त २००७ सालीच निकालात काढला. २९ जूनला अमेरिकेत ५९९ डॉलरना विक्रीस आलेला आयफोन ५ सप्टेंबरला ३९९ डॉलरचा झाला. दहा आठवड्यांत त्याचे सुटे भाग काही एक तृतीयांशाने स्वस्त झाले नव्हते. आधी रांगा लावणाऱ्या उतावळ्यांचे खिसे रिकामे करायचे, मग उरलेल्यांकडे वळायचे, एवढेच त्यामागील शास्त्र! ग्राहक खवळले तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना शंभर डॉलर देऊ केले. तेही रोख नव्हेत, अ‍ॅपलच्याच दुकानात खर्च करण्यासाठी.

आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये आयफोन ३जीचा हिशेब मांडला. उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर. त्यात जपानच्या तोशिबाचे, कोरियाच्या सॅमसंगचे, जर्मनीच्या इन्फिनिऑनचे भाग. आणि चीनमधील कारखान्यात फोन जोडण्याचे? अवघे साडेसहा डॉलर. निर्यातीच्या आकड्यांत मात्र सारेच्या सारे १७९ डॉलर चीनच्या नावावर! संशोधन, संगणकप्रणाली, जाहिरात यांवरही खर्च होतो, हे मान्यच. पण मोठा वाटा आराखडा व नाममुद्रा ज्याची त्याचा, घाम गाळणाऱ्याचा नव्हे, हे त्याने बदलत नाही.

आता हीच जोडणी भारतात होते आणि त्याचे ढोल वाजतात. २०२३ चा आयफोन १५ तामिळनाडूत तयार होत होता. येथे किंमत ७९,९०० रुपये, अमेरिकेत ७९९ डॉलर. अठरा टक्के जीएसटी वजा केला तर दोन्ही किमती जवळपास सारख्याच. तामिळनाडूतील कामगाराचा पगार अमेरिकी कामगाराच्या कितीतरी पट कमी. तो फरक गेला कोठे? हप्त्यांवर फोन घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरात तर नक्कीच नाही.

१९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. साबण, टूथपेस्ट, शीतपेये यांच्या स्वदेशी-विदेशी याद्या घरोघर पोचल्या, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी टिंगल केली. पण आज खुद्द कार्यकर्त्यानेच स्वतःला विचारावे : भारतात जोडलेला हा फोन त्या यादीत कोणत्या रकान्यात बसतो?

२०२० च्या प्रोत्साहन योजनेत सरकारने वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के देऊ केले. विक्रीवर, देशात भरलेल्या मूल्यावर नव्हे! म्हणजे परदेशातून आणलेल्या चिपच्या किमतीवरही करदात्याचा पैसा. २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली, हे उशिरा सुचलेले शहाणपण स्वागतार्ह आहे. परंतु आराखडा, चिपची रचना आणि पेटंट यांचे काय? यापुढील प्रत्येक रुपया देशात निर्माण झालेले मूल्य मोजूनच दिला जावा, अशी मागणी दिल्लीच्या दारात रोखठोक मांडण्याचे काम स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांनीच करायचे आहे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ते टाळता येणार नाही.